शरबतीजींची काचेची खोली

सांगलीला गेले की माझी मावशी दर वेळी एकच प्रश्न विचारते, "माधुरी, तू नेमकं करतेस तरी काय गं?"

मी सांगते, "मावशी, मी मांडणशिल्पं उभी करते."

ती समजल्यासारखी मान हलवते आणि शेजारणीला सांगते, "जयपूरला असते. गणपतीची आरास करते."

मी हे दुरुस्त करणं कधीच सोडून दिलंय. एक तर ते अगदीच चूक नाही. इथल्या मराठी मंडळाचं मखर दर वर्षी माझ्याच गळ्यात पडतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या कामांत बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं असं तेच एक काम. बाकीच्या कामांसमोर लोक उभे राहतात, मान वाकडी करतात, मग हळूच मला विचारतात, "मॅडम, ये बन रहा है या टूट रहा है?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडणशिल्प म्हणजे भिंतीवर टांगायचं चित्र नाही आणि चौथऱ्यावर ठेवायचा पुतळाही नाही. इथे जागाच कलाकृती असते. कुणी अंगणात हजार घागरी उलट्या टांगतं, कुणी खोलीभर वाळू पसरून तीत आरसे पुरतं. कल्पना कलावंताची. पण घागरी कशाला टांगायच्या, दोर किती जाड लागेल, वीज कुठून ओढायची, परवानगी कुणाची, आणि जयपूर म्हटल्यावर माकडांनी उच्छाद मांडला तर काय करायचं, हे सगळं माझं. उद्घाटनाला कलावंत पुढे उभा असतो आणि मी मागच्या बाजूला, पर्समध्ये पक्कड घेऊन. काम संपलं की ते मोडायचंही मीच. पंचवीसेक वर्षं हेच करतेय.

माझे वडील जयपुरातल्या दुर्गापुऱ्याच्या शेती संशोधन केंद्रात बदलून आले तेव्हा मी दुसरीत होते. ते बाजरीत रमले आणि आम्ही इथलेच झालो. माझं मराठी अजून सांगलीचं आहे, पण सुतारावर रागावताना हिंदी येतं. माझा मुलगा तर आताशा घरून काम करतो आणि दोन्ही भाषा बाजूला ठेवून इंग्रजीत रागावतो. "आई, मी कॉलवर आहे!" हे त्याचं वाक्य दिवसातून इतक्यांदा ऐकू येतं, की स्वतःच्या घरात मी चोरपावलांनी चालायला शिकले आहे. हे लिखाणही स्वयंपाकघराच्या ओट्यावर चाललंय, कारण जेवणाच्या टेबलावर त्याची मीटिंग आहे.

तर गेल्या काही वर्षांत आमच्या धंद्यात एका विषयाची साथ आली आहे. दर दुसऱ्या कलावंताला 'खासगी आणि सार्वजनिक यांच्यातली सीमारेषा' शोधायची असते. आमेरच्या अलीकडे एका शेतात एकाने नुसतं दार उभं करायला लावलं होतं. भिंत नाही, छप्पर नाही, फक्त चौकट आणि दार. लोक कोणत्या बाजूला 'आत' मानतात ते त्याला बघायचं होतं. पहिल्या दिवशी दिवसभर लोक दाराला वळसा घालून गेले. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याने दारापाशी जोडे काढले, आत गेला, पलीकडून बाहेर पडला आणि मग जोड्यांसाठी वळसा घालून परत आला. तिसऱ्या दिवशी शेताच्या मालकिणीने त्याला कुलूप लावलं. कलावंत हरखून गेला. तिला विचारलं, तर म्हणाली, "बंद दरवाजा अच्छा लगता है."

पण मला सांगायचंय ते अर्णवच्या कामाबद्दल.

अर्णव दिल्लीचा. तिशीतला, बाहेर शिकून आलेला, बोलायला गोड. थंडीत चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, एक कला महोत्सव भरणार होता. त्यासाठी त्याला एका खऱ्याखुऱ्या घराची भिंत काढून तिथे काच बसवायची होती. रस्त्यावरून जाणाऱ्यांना घरातलं जगणं दिसायला हवं होतं. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. जुन्या शहरात दर्शनी भिंतीला हात लावता येत नाही. आणि हात लावायची गरजही नाही, कारण इथली निम्मी माणसं तशीही चौथऱ्यावर बसूनच दाढी करतात, भाजी निवडतात आणि भांडतात.

"ते वेगळं, माधुरीजी," तो म्हणाला. "ते बाहेर येतात. मला आत बघायचंय."

शेवटी असं ठरलं, की गल्लीच्या तोंडाशी जो छोटा चौक आहे तिथे खोली नव्याने उभारायची. समोरची बाजू पूर्ण काचेची. आत एका कुटुंबाचं खरं सामान, आणि त्या घरातली माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत राहणार. अर्णवला खोली बाहेरून पांढरीशुभ्र हवी होती. पण परवानगी देणारे साहेब म्हणाले, बाजारात जे उभं राहील ते गेरू रंगाचंच असेल, मग ती कला असो की पानाची टपरी. त्यामुळे आमची आधुनिक कलाकृती शेजारच्या दुकानांच्या रंगाची झाली. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक आत काय भाव आहे म्हणून विचारून गेलं.

कुटुंब मिळवणं माझ्याकडे होतं. ते मला त्याच गल्लीत मिळालं. गिरधारीलालजी सरकारी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. सगळी गल्ली त्यांना मास्साब म्हणते. त्यांना असल्या गोष्टींचा भारी उत्साह. घरात त्यांचे मोठे भाऊ, त्यांना सगळे बडे भाईसाहब म्हणत, मुलगा, सून रेणू, दोन नाती. आणि मास्साबांची पत्नी, शरबतीजी.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा शरबतीजी कुठे झोपतात, असं अर्णवने विचारलं. त्याला त्यांचा पलंग हवा होता. रेणूने जिन्याखालची जागा दाखवली. तिथे एक खाट होती. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला नळ. घरातल्या प्रत्येकाला कुठूनही कुठे जाताना ती खाट ओलांडावी लागे. आम्ही उभे होतो तेवढ्यात दोनदा शरबतीजींना हाक आली, एकदा चहासाठी आणि एकदा चष्म्यासाठी. त्या पदर पार हनुवटीपर्यंत ओढून आल्या आणि गेल्या. बडे भाईसाहब अंगणात बसले होते. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्या थोरल्या दिरासमोर चेहरा उघडा ठेवत नसत आणि त्यांच्याशी बोलतही नसत. काही सांगायचं झालंच तर नातीला सांगायचं, मग नातीने आजोबांना.

त्यामुळे त्या नकार देतील अशीच माझी खात्री होती. मास्साब होकार देऊन बसले होते खरे, पण मी म्हटलं, त्यांना वेगळं विचारायचं. मी त्यांना नळापाशी गाठलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. काच असेल, लोक बघतील, फोटो काढतील.

त्यांनी पदराआडून विचारलं, "अंदर कौन आएगा?"

"कुणीच नाही. दोरी असेल, पहारेकरी असेल. तुम्ही आणि मास्साब, बस."

"और आवाज?"

अर्णवला आत माइक आणि बाहेर स्पीकर हवे होते. तेही मी सांगितलं.

त्यांनी नळाखालची बादली बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "देखना है तो देख लें. आवाज नहीं जाएगी."

अर्णवने खूप समजावून बघितलं. त्या हलल्या नाहीत. आवाज जाणार नसेल तर येणार, नाहीतर नाही. शेवटी मी जाडजूड दुहेरी काच आणली, फटी रबराने बंद केल्या, हवेसाठी मागच्या भिंतीत वर झरोका ठेवला आणि माझ्या ये-जा करण्यासाठी मागे एक छोटं दार. समोर उभं राहून आतलं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. काच दाखवते सगळं, पण ऐकवत काहीच नाही. मला तेव्हा ही निव्वळ एक तांत्रिक अट वाटली होती.

पहिल्या दिवशी सकाळी मास्साब कोट घालून आत बसले. शरबतीजींनी आत गेल्यावर खोली बघितली. घरातून आणलेला पलंग, दोन खुर्च्या, देवाची तसबीर, भांड्यांचं फडताळ. थंडीचं ऊन काचेतून आत येऊन थेट पलंगावर पडलं होतं. त्यांनी चप्पल काढली, पलंगावर आडव्या झाल्या, लोकांकडे पाठ केली आणि झोपल्या.

आणि झोपूनच राहिल्या. उद्घाटनाचे पाहुणे आले, भाषण झालं, टाळ्या झाल्या. आत शरबतीजी गाढ झोपलेल्या आणि मास्साब शेजारी खुर्चीत, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे. अर्णव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "त्या उठणार कधी?"

"दमल्या असतील."

"पण अजून काही केलंच नाही त्यांनी!"

"इथे नसेल केलं," मी म्हटलं. पण ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्साब मागच्या दाराने बाहेर आले ते घामाघूम होऊन. म्हणाले, "मैडमजी, माफ करना. लोग मेरी मूँगफली गिन रहे हैं." सगळं आयुष्य वर्गासमोर उभं राहिलेला माणूस, पण नुसतं बसलेलं असताना कुणी आपल्याकडे बघावं हे त्यांना सोसेना. ते घरी गेले आणि पुन्हा आत बसायला आले नाहीत. खोलीत शरबतीजी एकट्या उरल्या.

अर्णवला वाटलं, बाई आता घाबरेल. शरबतीजींनी मास्साबांची खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत चटई टाकून पाय पसरून बसल्या. पदर खांद्यावर. त्या गल्लीने त्यांचा चेहरा बहुधा पहिल्यांदाच एवढा वेळ पाहिला असेल. गोल चेहरा, कपाळावर एक जुनी खूण. त्या उन्हात बसत. मधूनच उठून तसबीर सरळ करत. पुन्हा बसत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोकांच्या लक्षात आलं, की त्यांचे ओठ हलतायत. कुणी म्हणालं जप करतात, कुणी म्हणालं स्वतःशी बोलतात. मी झरोका साफ करायला मागे गेले तेव्हा कळलं की त्या गात होत्या. लग्नाची गाणी, एकामागून एक, चांगल्या खड्या आवाजात.

मी हे चुकून अर्णवजवळ बोलून गेले. त्याचे डोळे चमकले. संध्याकाळी त्याने मला चहाला बोलावलं आणि टेबलावर बोटाच्या पेराएवढा माइक ठेवला.

"झरोक्यात बसवाल? बाहेर ऐकवायचं नाही. फक्त संग्रहासाठी."

"त्यांची अट आहे, अर्णव."

"माधुरीजी, या कामाचा विषयच सीमा ओलांडणं हा आहे. थोडं अतिक्रमण व्हायलाच हवं."

"मग असं करू," मी म्हटलं, "हा आधी हॉटेलात तुमच्या खोलीत बसवू. फक्त संग्रहासाठी."

तो हसला, पण त्याने माइक खिशात टाकला. त्याच्या खोलीच्या दाराला 'त्रास देऊ नये' अशी पाटी सकाळ-संध्याकाळ लटकलेली असे. झाडलोट करणाऱ्यालाही तो आत घेत नसे. हे मला हॉटेलवाल्याकडून कळलं होतं, म्हणजे तेही म्हटलं तर अतिक्रमणच.

मग त्याने दुसरा मार्ग काढला. मला सांगितलं, त्यांना म्हणा निदान घरातली कामं करा. कपड्यांच्या घड्या घाला, मटार सोला. लोकांना घरातली बाई दिसू दे. मी निरोप पोचवला. शरबतीजी म्हणाल्या, "घर का काम घर में करूँगी." आणि करतही होत्या. पहाटे उठून, सगळ्यांचा स्वयंपाक झाकून ठेवून त्या चौकात येत आणि संध्याकाळी परत जाऊन चूल पेटवत. मधला वेळ तेवढा त्यांचा.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की तिथे काय चाललंय. समोर पन्नास माणसं उभी असायची. पण त्यांतला एकही जण त्यांना हाक मारू शकत नव्हता. चष्मा कुठाय, विरजण आहे का, पाहुणे आलेत, काही म्हणजे काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. एकदा शेजारीण काचेवर टकटक करून वाटी दाखवू लागली. शरबतीजींनी तिच्याकडे बघून छान हसून घेतलं आणि कूस बदलली. एकदा मास्साब स्वतः आले, किल्ली सापडत नव्हती म्हणून. आमचा पहारेकरी भंवरसिंह फौजेतून आलेला. त्याने दोरी धरली.

"पास?"

"अरे, मेरी बीवी है अंदर!"

"सर, अंदर आर्ट है," भंवरसिंह म्हणाला. "बिना पास नहीं."

गल्लीतल्या बायका समोरच्या पायऱ्यांवर बसून रोज हे बघायच्या. आधी खिदळायच्या. मग गप्प बसून बघायला लागल्या. एकेक जण मला गाठून हळूच विचारू लागली, "मैडमजी, अगले साल किसका नंबर है?" एकीने तर सांगून टाकलं, की काच नसली तरी चालेल, पण तो पहारेकरी पाहिजे.

इकडे एका मोठ्या इंग्रजी पेपरात लिहून आलं, की कलावंताने या निश्चल देहातून घरकामाला दिलेला नकार थक्क करणारा आहे. अर्णवने ते कात्रण मला वाचून दाखवलं. मटार सोलण्याचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

बडे भाईसाहब तोवर एकदाही चौकात आले नव्हते. पण घरातली बहू, म्हणजे धाकट्या भावाची बायको, तोंड उघडं टाकून बाजारात बसते, हे कुणीतरी त्यांना मंदिरात सुनावलं. रविवार होता, तुफान गर्दी. ते काठी टेकत आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. भंवरसिंहने त्यांना पास विचारला नाही, एवढी समज त्याला होती. ते दोरी ओलांडून थेट काचेपाशी गेले आणि काठीची मूठ काचेवर आपटली.

"बहू! घर चलो!"

आत शरबतीजी दचकून उठल्या. हात सवयीने पदराकडे गेला. आणि तिथेच थांबला.

मी मागच्या दाराकडे धावले. मला वाटलं त्या आता रडतील, नाहीतर मागच्या दाराने निमूट बाहेर येतील. आणि त्या खोलीत पुन्हा कधी पाऊल टाकणार नाहीत. मी दार उघडलं. "शरबतीजी, या, मी तुम्हाला नेते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या काचेपाशी गेल्या. त्यांच्या आणि दिराच्या मध्ये वीतभर अंतर असेल. डोक्यावर पदर नाही. त्यांनी दिरांच्या डोळ्यांत बघितलं आणि बोलल्या. शांतपणे, न अडखळता.

बाहेर पन्नास-शंभर माणसांनी पाहिलं, की शरबतीजी थोरल्या दिराशी बोलतायत. ऐकू मात्र कुणालाच आलं नाही. बडे भाईसाहबांनाही नाही. त्यांनी कानाला हात लावला, पुढे झुकले. त्या बोलून झाल्या, मागे फिरल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या.

म्हातारा दोरीपर्यंत परत आला. भंवरसिंहने दोरी वर धरली आणि ते घराकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी गल्लीत पाच-सहा वेगवेगळी भाषणं तयार झाली. कुणी म्हणे तिने जुन्या वाटणीचं काढलं. कुणी म्हणे तिने घर सोडते म्हणून सांगितलं. एका वार्ताहराने मला विचारलं, मी मागच्या दारातून ऐकलं होतं, तरी सांगितलं, माहीत नाही. अर्णवने विचारलं, त्यालाही तेच. त्याने पुन्हा विचारलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी खोली उघडायला गेले तर चौकातल्या बाकावर बडे भाईसाहब बसलेले. मला बघून उठले. हात जोडले. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा माणूस.

"मैडमजी, आप पीछे खड़ी थीं. बहू ने क्या कहा?"

मी म्हटलं, "थांबा, त्यांना विचारून सांगते."

शरबतीजी आल्या. त्यांना पाहून बडे भाईसाहबांनी सवयीने मान दुसरीकडे वळवली. मी शरबतीजींना मागे नेऊन विचारलं. त्यांना जरा हसू आलं. म्हणाल्या, "बता दो. छुपाने का क्या है."

मग मी बाकापाशी जाऊन, त्यांनी म्हटलं होतं तसंच सांगितलं. "भाईसाहब, मैं यहाँ ठीक हूँ. आप घर जाइए. आपका खाना ढका रखा है, दवाई थाली के पास है."

त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "दवाई तो मिली थी," ते म्हणाले. "रोज मिलती है. मैं समझता था बच्ची रखती है."

महोत्सव संपला. मी खोली मोडली. काच उतरवायला आठ माणसं लागली. शरबतीजी उतरवताना बघायला आल्या नाहीत. रेणू म्हणाली, घरी पापड घातलेत. मला मनातून फार वाईट वाटलं. माझ्या धंद्यात वस्तू मोडायची इतकी सवय असते की मोडताना काही वाटू नये अशी अपेक्षा असते. पण त्या बाईला एक खोली द्यायची आणि मग ती मोडून ट्रकमध्ये भरायची, यात कुठली कला होती, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

अर्णवचं काम गाजलं. परदेशातल्या एका संग्रहालयाने ते मागितलं. शरबतीजींनाच घेऊन जायचं ठरत होतं, पण त्या नाही म्हणाल्या. त्यांची कारणं त्यांनी कुणाला सांगितली नाहीत. मग तिथे तीच खोली पुन्हा उभी राहिली आणि आत एक नटी बसवली गेली. अर्णवने मला फोटो पाठवले. शरबतीजींना दाखवावेत म्हणून पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले.

जिन्याखाली खाट नव्हती. तिथे नातींच्या सायकली होत्या. मी रेणूला विचारलं, शरबतीजी कुठायत?

"मम्मीजी ऊपर हैं," रेणू म्हणाली. गच्चीवर एक खोली होती. तिच्यात बडे भाईसाहबांचा चाळीस वर्षांचा पसारा होता. त्यांनी तो स्वतः उपसून अंगणात आणला, भंगारवाल्याला बोलावलं आणि मास्साबांना एवढंच म्हणाले, की वर बहूची खाट टाका. कारण कुणी विचारलं नाही. दुपारचं जेवण झालं की शरबतीजी वर जातात आणि दार लावतात.

मी वर गेले. शेवटच्या पायरीवर मास्साब पेपर मांडीवर घेऊन बसले होते. भिंतीची थोडी सावली होती, तिच्यात अंग चोरून.

"झोपल्यात का?" मी हळूच विचारलं.

"पता नहीं," ते म्हणाले. "मैंने खटखटाया था. बोलीं, बाद में आना." आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, का कोण जाणे, थोडा अभिमान होता. जणू त्यांची बायको एखाद्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर बसली होती.

मग मीही पायरीवर बसले. त्यांना मोबाइलवर फोटो दाखवले. लख्ख दिवे, गोरे प्रेक्षक आणि काचेपलीकडे आमचा पलंग, आमचं फडताळ. शरबतीजींसारखा पदर खांद्यावर टाकलेली ती नटी एका फोटोत कपड्यांच्या घड्या घालत होती, एकात भांडी पुसत होती, एकात मटार सोलत होती. मास्साबांनी चष्मा वर करून एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"ये तो काम कर रही है," ते गोंधळून म्हणाले.

तेवढ्यात मागे कडी वाजली. दार अर्धं उघडलं. शरबतीजींचे केस मोकळे होते आणि गालावर उशीची घडी उमटली होती. मला बघून त्या हसल्या. मी मोबाइल पुढे केला. त्या दाराच्या आतच उभ्या राहिल्या आणि मटार सोलणाऱ्या त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"बेचारी," त्या म्हणाल्या. "इसको किसी ने बताया नहीं?"

मग मला म्हणाल्या, नीचे बैठो, आती हूँ, थोड़ी देर में. आणि त्यांनी दार लावून घेतलं.